ढीग सगळं पचवतो

पोस्टमास्तरांनी टोमॅटोचं एक पान खुडून खतमामांच्या पुढे धरलं आणि विचारलं, "आता हे काय म्हणायचं, मामा?"

पान चांगलं पंजाएवढं व्हायला हवं होतं, ते करंगळीएवढं राहिलं होतं. कडा आत वळलेल्या, शिरा एकमेकींजवळ ओढलेल्या, देठाला पीळ. मामांनी ते उलटंसुलटं केलं, खाली कीड आहे का पाहिलं, चुरगाळून वास घेतला. कीड नव्हती, आणि वास टोमॅटोच्या पानाला येतो तोच होता. पंचवीस वर्षं बागांच्या कामात घालवलेल्या माणसाला त्या पानाचं काही म्हणता काही कळलं नाही. पण ज्याच्या तोंडाकडे लोक उत्तरासाठी बघतात त्याला 'माहीत नाही' म्हणायची सवय राहत नाही. हाताला लागेल ते उत्तर देऊन तो मोकळा होतो. मामांनी तेच केलं.

"पाणी जास्त होतंय," ते म्हणाले. "जरा हात आवरा."

पोस्टमास्तरांनी वाद घातला नाही. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी गल्ली त्यांना पोस्टमास्तरच म्हणत असे. वाफा त्यांच्या पत्नीचा. ती गेल्या वर्षी वारली आणि तिच्यामागचा हा पहिलाच हंगाम. "वाटलंच मला," ते म्हणाले. "तिच्या हाताला यायचं. मला आपलं पाणी ओतता येतं." असं म्हणून ते थोडं हसले आणि हातातला पाइप त्यांनी खाली ठेवला.

गाडीत बसल्यावर ड्रायव्हरने काय झालं म्हणून विचारलं, तर मामांनी सांगितलं की म्हाताऱ्याला हात नाही, दुसरं काय. पान मात्र त्यांनी फेकलं नव्हतं. ते खिशात होतं आणि वाटेत दोनदा त्यांनी खिशावर हात ठेवून पाहिला.

मामा काही कुणाचे मामा नव्हते. लोकांच्या बागा राखून देणारी एक छोटी कंपनी होती. तिच्यात एक मालकीण, पाच माळी, एक ड्रायव्हर आणि गावाच्या कडेला पत्र्याचं कुंपण घातलेलं एक आवार. त्या आवाराचे हे राजे. एकसष्ट घरांच्या बागांतून जे जे निघेल ते संध्याकाळी इथे येऊन पडायचं: गवत, पाला, छाटलेल्या फांद्या, उपटलेली रोपं. मामा ते निवडायचे. प्लास्टिकच्या कुंड्या धुऊन पुन्हा रोपांसाठी, तारा भंगाराकडे, फुटक्या विटा पायवाटांना, फांद्या यंत्रात घालून भुसा, आणि उरलेल्या सगळ्याचा थरावर थर रचून ढीग. ढीग तापायचा, मामा तो उलथायचे, पुन्हा तापायचा, निवायचा, चाळणीतून निघायचा आणि गोण्यांत भरून पुढच्या हंगामात त्याच एकसष्ट घरी परत जायचा. गोणीवर छापलेलं असे, 'तुमच्या बागेचं तुमच्या बागेला.' हे वाक्य मालकिणीच्या वडिलांचं, पण ते खरं करून दाखवलं ते मामांनी. अकरा वर्षांत त्या आवारातून कचरा डेपोकडे एक गाडी गेली नव्हती. दुसरी माणसं मुलांचे मार्क सांगतात तसं मामा हे नव्या माणसाला सांगत.

आणि नाक. खत तयार झालं की नाही हे मामा नाकाने ठरवायचे. मूठभर उचलायचं, डोळे मिटायचे, वास घ्यायचा, आणि 'अजून आठ दिवस' किंवा 'बांधा गोण्या' एवढंच बोलायचं. माळी मागे हसायचे, मामा नाकाने कांदे सोलतात म्हणायचे, पण गोणी मामांच्या हुकमाशिवाय बांधायचे नाहीत. घरी बायको म्हणे की शेगडीवरचं दूध करपलेलं या नाकाला कळत नाही, खत तेवढं कळतं.

ज्या म्हाताऱ्या माळीबुवांकडे मामा हे काम शिकले त्यांची रीत वेगळी होती. ते प्रत्येक ढिगातलं खत डब्यात भरून त्यात घेवड्याच्या बिया लावायचे आणि दोन आठवडे वाट बघायचे. घेवडा सरळ वाढला तरच गोणी बाहेर. मामांनीही कितीतरी वर्षं तसंच केलं. मग कामं वाढली, लोकांची घाई वाढली, आणि एकदाही घेवडा वाकडा आला नव्हता. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणून सहा-सात वर्षांपूर्वी त्यांनी ते डबे कोपऱ्यात पालथे घातले. ढीग सगळं पचवतो, हा त्यांचा मंत्र होता. मेलेला कावळा त्याने पचवला होता, कुजका भोपळा, जुन्या गादीचा कापूस, सगळं चार महिन्यांत काळंभोर आणि भुसभुशीत होऊन गेलं होतं. यंदाचा ढीग तर असा झाला होता की मामा सकाळी आल्यावर आधी त्याच्याकडे जात. काळा, ऊबदार, बोटाएवढी गांडुळं. पंचवीस वर्षांत असं खत झालं नव्हतं.

पोस्टमास्तरांच्या पानानंतर चार दिवसांनी एका घरच्या बाईंनी सांगितलं की वाटाणा वर चढतच नाही. तिसऱ्या घरी सूर्यफुलं मान मोडल्यासारखी जमिनीकडे वळलेली मामांनी स्वतः पाहिली. तिन्ही ठिकाणी लोकांनी आपलं आपणच कारण सांगितलं. वाटाण्याच्या बाईंना वाटत होतं की बी जुनं निघालं. सूर्यफुलांचे मालक म्हणाले की आमचा कुत्रा तिथे लघवी करतो. खताचं नाव कुणी काढलं नाही, कारण मामांच्या खताबद्दल शंका घ्यायची त्यापेक्षा आपल्याच हाताची घेतलेली बरी. मामांना याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. रस्त्याने जाताना ते कुंपणांवरून आत डोकावू लागले. कोबी ठीक होता, मका ठीक होता, हिरवळ तर डोळ्यांत भरण्यासारखी होती. जिथे घेवडा, टोमॅटो, वाटाणा, तिथे पानं आखडलेली. आणि जवळच कुठेतरी त्यांची रिकामी गोणी नीट घडी करून ठेवलेली.

रविवारी ते आक्काकडे गेले. आक्का त्यांची थोरली बहीण, बसने चाळीस मिनिटांवर एकटी राहायची. तिच्या घरामागे जमिनीची एक पट्टी होती आणि सहा गोण्या खत मामांनी तिला स्वतः खांद्यावर नेऊन दिलं होतं. आक्काने चहा दिला, बिस्किटं दिली, गावभरच्या चौकशा केल्या, पण घेवडा कसा आहे म्हटलं की ती दुसऱ्याच विषयावर जायची. शेवटी मामा उठून मागे गेले. ती मागोमाग आली.

"बघू नकोस रे," ती म्हणाली. "यंदा माझंच काहीतरी चुकलंय. बी खोल पेरलं गेलं असेल. डोळ्यांना नीट दिसत नाही आता."

सगळे वेल गुडघ्याखाली थांबले होते. पानं वाटीसारखी आत वळलेली आणि शेंडे पिळलेले. मामांनी एक शेंडा बोटांत धरला, तो कडक लागला. आक्का सांगत होती की पुढच्या वर्षी ती हा उद्योग करणार नाही, झालं तेवढं पुरे, वय कुणाला चुकलंय. तेवढ्यात मामांना नळाजवळ पत्र्याचा एक डबा दिसला. त्यात एकच वेल होता आणि तो खिडकीच्या गजापर्यंत सरळ चढला होता. हिरवीगार, पसरट पानं होती.

"याला खत किती घातलंस?" मामांनी विचारलं.

"त्याला कुठलं घालतेय? गोण्या संपल्या होत्या. चार बिया उरल्या म्हणून जुन्या मातीत खुपसल्या."

 तुझे डोळे चांगले आहेत, आक्का, एवढंच मामांना म्हणायचं होतं. ते पाच शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. त्यांनी आणखी एक कप चहा मागितला, तो उभ्यानेच प्यायला आणि बस पकडली. रस्ताभर त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

सोमवारी आवारात गेल्यावर त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. ऊब होती. मूठभर उचलून नाकाशी नेलं, तर रानातल्या ओल्या मातीचा तोच सुरेख वास आला. गांडुळं हातावर वळवळली. त्या ढिगात काहीही वाईट दिसत नव्हतं, आणि त्याचीच मामांना भीती वाटली. त्यांनी कुणाचं लक्ष नाही असं पाहून एका पिशवीत खत भरलं आणि घरी नेलं. तीन डब्यांत ते खत, तीन डब्यांत कुंपणामागची साधी माती, सहाहींत घेवडा. बायकोने विचारलं की आता खिडकीतही खत आलं का, उशाशी कधी येणार? मामा म्हणाले, सहज. बत्तीस वर्षांच्या संसारात 'सहज' हा शब्द त्यांनी फार थोड्या वेळा वापरला होता, त्यामुळे ती पुढे काही बोलली नाही.

मग दोन आठवडे थांबणं आलं. पाचव्या दिवशी सहाही डब्यांत कोंब आले. पहिली दोन पानं सगळीकडे सारखीच उघडली आणि मामा त्या दिवशी शीळ घालत कामाला गेले. आवारात गोण्या बांधणं चालूच होतं. थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण म्हणजे त्यांचं स्वतःचं खत. रोज सकाळी गाडी भरायची, ड्रायव्हर हात करायचा, मामा फाटक लावून घ्यायचे. त्या दिवसांत चव्वेचाळीस गोण्या गेल्या. प्रत्येक गोणी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली आणि त्यांनी एकीलाही हात लावला नाही. पुढे त्यांना सगळ्यात जास्त डाचलं ते हेच.

तेराव्या दिवशी सकाळी बायकोने हाक मारली. "अहो, इकडे या. तुमच्या डाव्या हाताकडच्या तिघांना बघा काय झालंय."

साध्या मातीतल्या रोपांना तिहेरी पानं फुटून पसरली होती. खतातल्या रोपांची नवी पानं उघडायच्या आधीच मिटली होती. तिन्ही डब्यांत एकसारखी. मामा खिडकीपाशी स्टूल ओढून बसले आणि कामाला जायची वेळ टळली तरी उठले नाहीत.

यंदा ढिगात नवीन काय पडलं हे शोधायला फार डोकं लागणार नव्हतं. टेकडीखालच्या मोठ्या कार्यालयाच्या हिरवळीचं कापलेलं गवत गेल्या वर्षापासून येऊ लागलं होतं, आणि ते मागून आणलं होतं खुद्द मामांनी. सुका पाला उदंड होता, ओलं गवत कमी पडत होतं. पहिली गाडी आली तेव्हा त्यांनी ते गवत हातात घेऊन सगळ्या माळ्यांना दाखवलं होतं. एक तण नाही, एक काटा नाही, याला म्हणतात माल, असं म्हणाले होते. तण का नाही, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पडला नव्हता.

कार्यालयाच्या हिरवळीवरचा माळी मोकळ्या स्वभावाचा माणूस होता. मामांना पाहून त्याला आनंदच झाला; तुम्ही गवत नेता म्हणून आमचं केवढं काम वाचतं, असं तो म्हणाला. फवारणीचं विचारल्यावर त्याने खोपटातून डबा काढून दिला. वर्षातून दोनदा मारतो, गवताला काही होत नाही, बाकीचं सगळं मरतं, फार चांगलं औषध आहे. डब्याला घडीची छोटी पुस्तिका चिकटवलेली होती आणि ती कुणी कधी उघडलेलीच नव्हती. मामांनी नखाने पानं सोडवली. सातव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की फवारलेल्या गवताचं खत करू नये, गवत कुजल्यावरही औषधाचा अंश टिकून राहतो, आणि खाली पिकांची यादी होती. टोमॅटो, वाटाणा, घेवडा, सूर्यफूल. मामांनी ते बोट ठेवून माळ्याला वाचून दाखवलं.

"पण आम्ही कुठे खत करतो?" माळी म्हणाला. "तुम्हीच नेता की."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मामांनी पुस्तिकेची घडी पुन्हा नीट घातली आणि डबा त्याच्या हातात दिला. परत येताना ते गाडीत न बसता चालत आले. ढीग सगळं पचवतो. या ढिगाने ते पचवलं नव्हतं, नुसतं पोटात धरून ठेवलं होतं, आणि मामांनी ते एकसष्ट घरी वाटलं होतं.

मालकीण वयाने मामांच्या मुलीएवढी. वडिलांमागे तिने हा व्याप सांभाळला होता आणि माणसं तुटू दिली नव्हती. पत्र्याच्या खोलीतल्या तिच्या टेबलावर मामांनी दोन डबे ठेवले, एक सरळ घेवड्याचा आणि एक मिटलेल्याचा, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. चव्वेचाळीस गोण्यांचंही सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर तिने त्या कार्यालयाचं गवत त्याच क्षणी बंद केलं, उरलेल्या गोण्या थांबवल्या आणि ड्रायव्हरला तसा निरोपही दिला. मामांना हायसं वाटलं. मग ती म्हणाली की हे आता या खोलीबाहेर जायला नको.

"ताई, लोकांना सांगायला नको?"

"काय सांगणार, मामा? आम्ही तुमच्या बागेत विष घातलं म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची. एक-दोन वर्षांत आपोआप जाईल ते. पुस्तिकेत तसंच असेल ना?"

"जाईल. पण तोवर लोक स्वतःच्या हाताला दोष देतायत. माझी बहीण म्हणते तिचे डोळे गेले."

मालकिणीने मिटलेल्या घेवड्याचं एक पान बोटाने उलगडून पाहिलं. ती वाईट बाई नव्हती, हे मामांना माहीत होतं, आणि म्हणूनच तिचं पुढचं बोलणं त्यांना जास्त लागलं. ती म्हणाली की हे बाहेर गेलं तर या आवारातलं खत कुणी फुकटही घेणार नाही. मग कचरा डेपोला जाईल आणि तयार खत बाहेरून येईल, दुसऱ्या कंपन्या करतात तसं. "मग इथे तुमचं काम काय उरेल, ते तुम्हीच मला सांगा," ती म्हणाली. धमकी नव्हती ती. खरोखरच विचारत होती.

 मामांनी एक दिवस मागून घेतला.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी त्यांना वाढलं, मग बोलली. माझ्या तोंडाकडे बघू नका, म्हणाली. मी सांगा म्हटलं तर उद्या आवार गेल्यावर मला बोल लावाल, नका सांगू म्हटलं तर जन्मभर तोंड पाडून बसाल. "पण एक सांगते," ती म्हणाली, "दोन आठवडे तुम्ही आक्कांना फोन केलेला नाही."

दुसऱ्या दिवशी मामांनी आवाराची किल्ली मालकिणीच्या टेबलावर ठेवली. आपण घरोघर जाणार आहोत, असं त्यांनी सांगितलं. तिने किल्ली उचललीही नाही आणि परतही दिली नाही. कागदावर लिहीत होती ते लिहीत राहिली, पण तिचा हात थांबत थांबत चालला होता. फाटकापाशी ड्रायव्हर उभा होता. तो हळूच म्हणाला की संध्याकाळी गाडी आणतो, जी माती निघेल ती डेपोत टाकून येऊ, ताईंना विचारायला नको. मामांनी फावडं, घमेलं आणि रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा स्कूटरला बांधला.

आक्काकडे आधी जाणं सोपं होतं. ती चिडली असती, चार शिव्या दिल्या असत्या आणि चहा टाकला असता. म्हणून मामा आधी पोस्टमास्तरांकडे गेले.

वाफा रिकामा होता. उपटलेली रोपं भिंतीला टेकवून ठेवली होती आणि माती झाडून सपाट केली होती. पोस्टमास्तर पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मामांना पाहून ते उठले आणि त्यांनीच सुरुवात केली, की पाणी अगदी कमी केलं होतं, दोन दिवसांआड घातलं, तरी नाही जमलं. मामांनी त्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः उभं राहून सांगून टाकलं. गवत, फवारणी, ढीग, गोणी. त्यांनी कुठे हिरवळीवरच्या माळ्याचं नाव पुढे केलं नाही की पुस्तिकेतल्या बारीक अक्षरांचं.

"मग ते पाण्याचं?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"ते मी ठोकून दिलं होतं. मला कळलं नव्हतं, आणि कळलं नाही म्हणायची लाज वाटली. तुमचा हात चुकला नव्हता."

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसावा तसा बोटांनीच पुसला आणि पुन्हा घातला. मामांना वाटलं, आता ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बी तिचं होतं," ते म्हणाले. "दरवर्षीचं पहिलं चांगलं फळ ती कुणाला खाऊ द्यायची नाही. कापायची, बी धुवायची, कागदावर वाळवून पुडी बांधायची. चौदा वर्षं तेच बी. यंदा मी पुडीतलं सगळंच पेरलं. म्हटलं, पुढच्या वर्षीचं यातूनच निघेल."

मामा हातात फावडं घेऊन उभे होते. माती बदलता येते, साधी माती आणून टाकता येते, हे सगळं ते वाटेत मनाशी जुळवत आले होते. बियांचं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.  मग त्यांनी विचारलं की रोपांना एखादं फळ धरलं होतं का.

दोघेही भिंतीशी बसले आणि सुकलेली रोपं एकेक करून चाळू लागले. तळाच्या रोपाला एक होतं. लिंबाहून लहान, एका अंगाने चेपलेलं, अर्धं लाल झालेलं. पोस्टमास्तरांनी ते देठासकट तोडलं, आत जाऊन सुरी आणि बशी आणली, आणि पायरीवर बसून, बी दुखावू नये म्हणून पाहिजे तितक्या हलक्या हाताने कापलं.

आत गर होता आणि पाणी होतं. बी नव्हतं. त्यांनी दोन्ही फोडी पुन्हा कापल्या, सुरीच्या टोकाने गर बाजूला सारून पाहिला. मामाही वाकून बघत होते. एकही नव्हतं.

शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. पोस्टमास्तरांनी सुरी बशीत ठेवली.

"किती खोल खणायचं?" त्यांनी विचारलं.

"एक वीत. तुम्ही बसा, मी करतो."

"आणखी किती घरं आहेत?"

"साठ."

"मग एकट्याने कधी व्हायचं," पोस्टमास्तर म्हणाले. ते उठले, वाफ्यापाशी आले, चारी फोडी त्यांनी बशीतून रिकाम्या गोणीत ओतल्या, आणि मामांना माती टाकता यावी म्हणून थोडं वाकून गोणीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं.